पाहुण्याचा तिसरा दिवस

पाहुण्याच्या मुक्कामाचे आपल्याकडे एक जुने गणित आहे. पहिल्या दिवशी पाहुणा, दुसऱ्या दिवशी पई, तिसऱ्या दिवशी राहील त्याची अक्कल जाई. ज्या कुणी हे प्रथम म्हटले असेल त्याला माणसाच्या स्वभावाची चांगली पारख होती, यात शंका नाही. परंतु या गणितात एक गोष्ट गृहीत धरलेली आहे. ती अशी, की पाहुण्याला परत जायला घर आहे. ते घरच मागे उरले नसेल तर तिसऱ्या दिवशी काय करायचे? या एका प्रश्नावर युरोपातील शेजारी राष्ट्रे गेली कित्येक वर्षे खल करीत बसली आहेत. त्यांचे करार होतात, मोडतात, पुन्हा होतात. आणि याच प्रश्नाचे एक उत्तर, पुरते नव्हे पण पाच वर्षे टिकलेले, आमच्या कोल्हापूरजवळ पंचगंगेच्या काठी एकदा देऊन झाले आहे. त्याचीच ही हकिकत.

मुरगुडात आणि आसपासच्या खेड्यांत लग्न ठरले की बस्ता बांधायला गांधीनगर गाठायचे, अशी आता रीतच पडून गेली आहे. गाडीत दाटीवाटीने माणसे बसतात. नवरीच्या मावशीपासून नवऱ्याच्या चुलत्यापर्यंत सगळ्यांचा मानपान एकाच दुकानात उरकतो. दुकानदार बहुधा सिंधी असतो. तो गादीवर बसून आपल्याहून ठसक्यात कोल्हापुरी बोलतो, चहा पाजतो, आणि भावात चार आणे सोडल्यासारखे करून आठ आणे राखतो. शालूच्या घड्या उलगडत बसलेल्या आमच्या बायाबापड्यांना ज्या जमिनीवर आपण बसलो आहोत तिची कहाणी ठाऊक नसते. मलाही पुष्कळ वर्षे ती नव्हती. मिरज-कोल्हापूर लोहमार्गावर वळिवडे नावाचे लहानसे स्टेशन आहे. गांधीनगर होण्यापूर्वी त्या माळावर पोलंड देशातील सुमारे पाच हजार माणसे राहत होती.

ती इथवर आली कशी, हे कळण्यासाठी १९३९ सालच्या सप्टेंबरात जावे लागते. १ तारखेला जर्मनीने पश्चिमेकडून पोलंडवर चाल केली आणि १७ तारखेला रशियाने पूर्वेकडून. दोन शेजाऱ्यांनी मिळून तिसऱ्याचे शेत वाटून घ्यावे तसा तो देश वाटला गेला. रशियाच्या वाट्याला आलेल्या भागातून १९४० च्या फेब्रुवारीपासून घरेच्या घरे उचलून सायबेरियात, कझाकस्तानात, उत्तरेकडील अरण्यांत नेऊन टाकण्याचे सत्र सुरू झाले. रात्री दार वाजायचे, थोडक्या वेळात मिळेल ते बोचके बांधायचे, आणि गुरांच्या डब्यांत बसायचे. सैनिकांच्या बायका, शिक्षक, वनरक्षक, साधे शेतकरी, कुणी सुटले नाही. लाखो माणसे अशी गेली. लाकूडतोड, भूक, थंडी आणि ताप यांतून जी वाचली ती वाचली.

पुढे फासा उलटला. १९४१ च्या जूनमध्ये जर्मनी रशियावरच उलटला. आणि ३० जुलै १९४१ रोजी लंडनमध्ये रशियाचे आणि परागंदा पोलिश सरकारचे तहनामे झाले. कैदेतील पोलिश लोकांना सोडायचे आणि त्यांतून फौज उभी करायची, असे ठरले. जनरल आंदेर्स हे स्वतःच तुरुंगातून सुटून त्या फौजेचे सेनापती झाले. फौज जिकडे जाईल तिकडे तिच्यामागून उपाशी बायका, म्हातारी माणसे, आईबाप मेलेली पोरे चालू लागली. १९४२ साली दोन खेपांत ही सारी माणसे कास्पियन समुद्र ओलांडून इराणच्या पहलवी बंदरात उतरली. एकंदर सुमारे एक लाख पंधरा हजार. त्यांत बिनलढाऊ माणसे सदतीस हजारांच्या आसपास.

इराणने त्यांना ठेवून घेतले, पण इराण तरी स्वतःचा धनी कुठे होता? १९४१ च्या ऑगस्टपासून त्याच्या उत्तरेला रशियाच्या आणि दक्षिणेला इंग्रजांच्या फौजा बसल्या होत्या. १९४२ च्या डिसेंबरात तेहरानमध्ये भाकरीसाठी दंगल झाली. स्वतःच्या लेकरांना भाकर नसलेल्या घरात हे पाहुणे किती दिवस राहणार? तिसरा दिवस उजाडला होता.

येथून पुढे जे घडले ते मला या साऱ्या कहाणीतील मोलाचे वाटते. कुणा एका देशाने ‘सगळे आमच्याकडे द्या’ असे म्हटले नाही, आणि म्हणणे शक्यही नव्हते. माणसे वाटली गेली. पूर्व आफ्रिकेत युगांडा, केनिया, टांगानिका, आणि त्याखाली ऱ्होडेशिया, येथे मिळून अठरा-वीस हजार गेली. मेक्सिकोने लेओन शहराजवळच्या सांता रोसा या वाड्यात हजाराहून अधिक माणसांना जागा दिली. न्यूझीलंडने १९४४ च्या नोव्हेंबरात ७३३ मुले घेतली. काही पॅलेस्टाइनला, काही लेबाननला गेली. आणि काही हिंदुस्थानात आली. नवानगरचे जामसाहेब दिग्विजयसिंहजी यांनी १९४२ सालीच जामनगरजवळ बालाचडी येथे अनाथ मुलांसाठी निवास उभारला होता. कराचीच्या बंदरात तात्पुरत्या छावण्या पडल्या. आणि मोठ्या, कायमच्या वाटाव्या अशा वस्तीसाठी कोल्हापूर संस्थानातील वळिवडे येथील माळ ठरला. हवा बरी, नदी जवळ, आगगाडी दारात. १९४३ साली पहिल्या गाड्या येऊन लागल्या.

आमच्याकडे ही गोष्ट सांगताना ‘कोल्हापूरच्या राजाने आश्रय दिला’ असे एका वाक्यात सांगण्याची पद्धत आहे. अभिमानाने सांगावी अशीच ती आहे. परंतु इतिहास अभिमानाहून थोडा गुंतागुंतीचा असतो. राजाराम महाराज १९४० च्या नोव्हेंबरात निवर्तले होते. दत्तक आलेले शिवाजी महाराज हे अजाण बालक. ते १९४६ साली वारले. कारभार रीजन्सीच्या हाती होता, आणि रीजन्सीच्या वर इंग्रजांचा डोळा होता. जमीन संस्थानच्या हद्दीतील, परवानगी दिल्लीची, खर्चाची जबाबदारी लंडनमधील पोलिश सरकारची, आणि छावणीतील रोजची व्यवस्था पोलिश लोकांची स्वतःची. चार हात लागले तेव्हा ते छप्पर उभे राहिले. यात कोल्हापूरचे श्रेय कमी होते असे नाही. उलट ते खरे होते. एकट्याच्या औदार्यावर पाच हजार माणसे पाच वर्षे जगत नसतात. आश्रय हे दान खरे, पण ते वर्गणीतून दिले तरच पुरते.

आणि काळ कसला होता? त्याच १९४३ साली बंगालमध्ये दुष्काळाने माणसे लाखांनी मरत होती. आमच्या मुरगुडाच्या शेजारी गारगोटीच्या कचेरीवर १९४२ च्या डिसेंबरात स्वातंत्र्यासाठी धडक देणारे तरुण गोळ्यांना बळी पडले, त्याला वर्षही लोटले नव्हते. ज्या सरकारने येथल्या पोरांवर गोळ्या झाडल्या तेच सरकार परक्या पोरांना छप्पर शोधत होते, हे ध्यानात ठेवले पाहिजे. रंगाचा भाग त्यात नव्हता असे म्हणण्याचे धाडस मी करणार नाही. तरीही वळिवडे-रुकडीच्या शेतकऱ्याने त्या पोरांकडे सरकारचे पाहुणे म्हणून पाहिले नसावे. पोरे म्हणूनच पाहिले असावे. आमच्या घरी आजोबा सांगत, “गोऱ्या बायका होत्या, पण सायबाच्या नव्हेत. त्या आपली बुट्टी आपण उचलायच्या.” या एका वाक्यात त्या काळच्या माणसाचे सारे आश्चर्य आहे. गोरा माणूस म्हणजे हुकूम करणारा, एवढेच ज्याने आयुष्यभर पाहिले, त्याने प्रथमच गोरा माणूस घासाघीस करून वांगी घेताना पाहिला!

छावणीत बराकींच्या रांगा होत्या. वर कौले, आत कुटुंबागणिक पाडलेल्या खोल्या. शाळा होत्या, प्राथमिक आणि वरच्याही. चर्च होते, इस्पितळ होते, नाटके होत होती, बालवीरांची पथके होती. माझ्यासारख्या मास्तरला यातली शाळेची गोष्ट थांबवून धरते. मुले शिकत होती ती पोलंडच्या भाषेत, पोलंडचा इतिहास, पोलंडचा भूगोल. म्हणजे नकाशावर ज्या गावांवर मास्तर छडी ठेवीत असतील त्यांतली कित्येक गावे तोवर दुसऱ्याची झाली होती, आणि ती परत मिळतील या आशेवर धडे पाठ होत होते. पुरुष माणसे छावणीत थोडी. धडधाकट होती ती आंदेर्सच्या फौजेत इटलीच्या डोंगरांत लढत होती. बायका पत्राची वाट पाहत. काहींची पत्रे येत, काहींची येत नसत.

१९४५ च्या फेब्रुवारीत याल्टा येथे तीन बड्यांची बैठक झाली आणि पोलंडचा पूर्व भाग रशियाकडे राहील हे पक्के ठरले. वळिवड्यातील बहुसंख्य लोकांची घरे नेमकी त्याच भागातली. ५ जुलै १९४५ रोजी इंग्लंडने आणि अमेरिकेने लंडनमधील पोलिश सरकारची मान्यताही काढून घेतली. म्हणजे ज्याच्या नावाने पैसा येत होता ते सरकार एका कागदाने नाहीसे झाले, आणि ज्या घरी परत जायचे ते घर नकाशावरून सरकले. पुढे संयुक्त राष्ट्रांच्या मदतसंस्थांनी भार उचलला. परंतु ‘आता तुमचे काय करायचे’ हा प्रश्न जो तो दुसऱ्याकडे ढकलू लागला. १९४७ साली हिंदुस्थान स्वतंत्र झाला. त्याच वर्षी इंग्लंडने कायदा करून आपल्या झेंड्याखाली लढलेल्या पोलिश सैनिकांना व त्यांच्या घरच्यांना वसवून घेतले. वळिवड्याची पुष्कळ माणसे त्या वाटेने गेली. काही आफ्रिकेच्या छावण्यांत, काही पुढे ऑस्ट्रेलिया, कॅनडा, अमेरिकेत. थोडी पोलंडला परतली. काही मात्र येथल्याच मातीत राहिली. कोल्हापूरच्या ख्रिस्ती दफनभूमीत त्यांची थडगी आहेत. १९४८ साली छावणी मोडली.

छावणी मोडली, पण बराकी रिकाम्या राहिल्या नाहीत. फाळणीने सिंधमधून उखडलेली माणसे दारात उभीच होती. ज्या खोल्यांतून पोलिश बाया निघून गेल्या त्याच खोल्यांतून सिंधी बायांनी चुली मांडल्या. कल्याणच्या लष्करी छावणीचे जसे १९४९ साली उल्हासनगर झाले तसे वळिवड्याच्या या छावणीचे गांधीनगर झाले. दोन्ही प्रकारची माणसे निर्वासितच. पण एकांना आश्रय मिळाला आणि दुसऱ्यांना जागा मिळाली. पोलिश माणूस पाच वर्षे राहून पाहुणाच राहिला, कारण त्याच्या राहण्याला तारीख होती. सिंधी माणसाला कुणी तारीख दिली नाही. त्याने कापडाची गाठोडी खांद्यावर घेतली, खेडी पालथी घातली, आणि दोन पिढ्यांत आमच्या लग्नांचा बस्ताच त्याच्या हाती आला. पाहुणा आणि गावकरी यांत अंतर असते ते या तारखेचे.

युरोपने त्या महायुद्धानंतर आपल्याशी काही निश्चय केले. २८ जुलै १९५१ रोजी जिनीव्हा येथे निर्वासितांविषयीचा करार झाला. ज्याच्या जिवाला धोका आहे त्याला त्या धोक्याकडे परत लोटायचे नाही, हा त्याचा गाभा. प्रथम तो १९५१ पूर्वीच्या घटनांपुरता होता. १९६७ साली ती मर्यादा काढली गेली. (हिंदुस्थानने त्यावर सही केलेली नाही, तिबेटी आले, १९७१ साली पूर्व बंगालमधून जवळजवळ एक कोटी माणसे आली, त्यांना आपण त्या त्या वेळच्या निर्णयाने ठेवून घेतले.) पुढे १४ जून १९८५ रोजी लक्झेंबर्गमधील शेंगेन या खेड्यापाशी, मोझेल नदीतील एका बोटीवर, फ्रान्स, पश्चिम जर्मनी, बेल्जम, हॉलंड आणि लक्झेंबर्ग या पाच शेजाऱ्यांनी आपापसातील सीमेवरच्या चौक्या हळूहळू उठवायचे ठरविले. बांध काढून टाकले तर एकाच्या शेतात आलेला माणूस सगळ्यांच्याच शेतात आला. मग त्याचा विचार कुणी करायचा? १९९० साली डब्लिनमध्ये नियम झाला, त्याचे सार असे, की आश्रय मागणाऱ्याने ज्या देशात प्रथम पाऊल ठेवले, बहुधा त्याच देशाने त्याचा निकाल करायचा.

कागदावर हा नियम सरळ दिसतो. त्याची गोम मला कळली ती २०१९ च्या ऑगस्टातील पुरात. वेदगंगेने महामार्ग अडवला होता. पंचगंगेने तर कहर केला. एका गावात शाळेच्या वर्गांतून पूरग्रस्त कुटुंबे येऊन राहिली होती आणि आम्ही मास्तर मंडळी बाके बाजूला सारून सतरंज्या अंथरीत होतो. पहिल्या दिवशी घराघरांतून भाकऱ्या आल्या, इतक्या की उरल्या. दुसऱ्या दिवशी पुरल्या. चौथ्या दिवशी कुणीतरी ओसरीवर बसून म्हणाले, “पलीकडच्या गावानं काय केलं? सगळं आम्हीच का?” बोलणारा दुष्ट नव्हता, पहिल्या दिवशी सगळ्यांत जास्त भाकऱ्या त्याच्याच घरून आल्या होत्या. आता समजा, त्या वेळी नियम असता, की पुरातला माणूस प्रथम ज्या गावाच्या शाळेत पोचला त्या गावानेच त्याला शेवटपर्यंत सांभाळावे. तर काय झाले असते? नदीजवळच्या गावांनी दारे लावली असती आणि माळावरची गावे नियमावर बोट ठेवून निवांत झोपली असती. युरोपात नेमके हेच झाले. इटली आणि ग्रीस ही काठावरची गावे.

२०१५ साली सीरिया, अफगाणिस्तान, इराक येथील दहा लाखांहून अधिक माणसे समुद्र ओलांडून युरोपात आली. तेव्हा वर्गणीची आठवण झाली. इटली व ग्रीसमधून एक लाख साठ हजार माणसे इतर देशांनी वाटून घ्यावीत, असे त्या सप्टेंबरात ठरले. प्रत्यक्षात पस्तीस हजारांच्या आसपासच वाटली गेली. ज्यांनी आपल्या वाट्याचा एकही माणूस घेतला नाही त्यांत एक देश हंगेरी होता आणि दुसरा पोलंड. २ एप्रिल २०२० रोजी युरोपच्या न्यायालयाने या दोघांनी, आणि त्यांच्याबरोबर चेक देशाने, कर्तव्यात कसूर केल्याचा निकाल दिला. तोवर ती मुदत केव्हाच टळून गेली होती.

हे प्रथम वाचले तेव्हा मला वळिवड्याची आठवण होऊन मन कडू झाले, हे कबूल करतो. ज्यांच्या आज्या आमच्या नदीवर धुणी धूत होत्या त्यांनी असे म्हणावे! पण थोडे थांबावे. २४ फेब्रुवारी २०२२ रोजी रशियाने युक्रेनवर मोठा हल्ला केला, आणि माणसांचे लोंढे पोलंडच्या सीमेवर आदळले. त्या वेळी त्याच पोलंडने स्टेशनांवर, शाळांत आणि मुख्यतः आपल्या घरांत जागा करून दिली. दहा लाखांहून अधिक माणसे तेथे राहिली. युक्रेनमध्ये वैद्यकी शिकणारी आपली मुलेही त्या वाटेने घरी आली. युरोपने ४ मार्चला, म्हणजे आठवडाभरात, २००१ पासून दप्तरात पडून राहिलेला तात्पुरत्या संरक्षणाचा नियम प्रथमच बाहेर काढला. म्हणजे हात आखडलेले नव्हते. ते कुणासाठी उघडायचे यावर अडले होते. शेजारी, सारख्या चेहऱ्याचा, आपल्याच शत्रूने लुटलेला माणूस आला की दार उघडते. दूरचा, वेगळ्या देवाचा आला की कायदा आठवतो. हा दोष पोलंडचा म्हणून सांगत नाही. तो माणसाचा आहे, आणि आमच्या ओसरीवरही तो बसलेला मी पाहिला आहे.

१४ मे २०२४ रोजी युरोपने नवा करार मंजूर केला. त्याचा अंमल २०२६ च्या जूनपासून ठरविला. माणसे घ्या, नाहीतर माणशी वीस हजार युरो या हिशेबाने पैसा द्या, नाहीतर दुसरी मदत करा. पण प्रत्येकाने काहीतरी द्यायचेच, हे त्याचे तत्त्व. पोलंड आणि हंगेरी यांनी विरोधात मत दिले. २०२५ च्या मार्चमध्ये पोलंडने कायदा करून बेलारूसच्या सीमेवर आश्रयाचा अर्ज घेणे तात्पुरते थांबवले. पलीकडचे सरकार मुद्दाम माणसे पुढे ढकलून त्यांचे हत्यार करते, ही त्याची तक्रार. ती खोटीही नाही. परंतु त्या झाडीत थंडीने काकडणाऱ्या माणसाला आपण कुणाचे हत्यार आहोत हे कुठे ठाऊक असते? १९४० सालच्या त्या गुरांच्या डब्यांतील पोरांनाही ते ठाऊक नव्हते.

कोल्हापुरातील महावीर उद्यानात पोलिश लोकांनी उभारलेले कृतज्ञतेचे स्मारक आहे. वॉर्सात कोल्हापूरच्या नावाचे स्मारक आहे, आणि जामसाहेबांच्या नावाचा चौकही. पोलिश माणूस विसरलेला नाही, हे मोठेपण त्याचे. २०१९ साली पांढऱ्या केसांची काही माणसे पुन्हा वळिवड्याला आली, तेव्हा लहानपणीच्या बराकी शोधत ती कापडाच्या दुकानांमधून हिंडली असतील.

पण आश्रयाचे ऋण ज्याने दिले त्याला परत करता येत नाही. कोल्हापूरने पोलंडकडे काही मागितले नाही, आणि मागण्यासारखे काही नव्हतेच. ते ऋण फेडायचे असते दारात येणाऱ्या पुढच्या माणसाकडे, आणि तो नेहमी अनोळखीच निघतो. आमच्यावरही ते ऋण आहेच. आमच्या उसाच्या फडांत दरसाल बीड-उस्मानाबादेकडून, म्हणजे आताच्या धाराशिवकडून, कोयते येतात. त्यांच्या खोपी गावाबाहेर पडतात, आणि त्यांतली पोरे आमच्या शाळेच्या कुंपणाशी उभी राहून आत पाहतात. ती परदेशी नाहीत, निर्वासितही नाहीत. पण गावाच्या हिशेबात तीही तारखेची माणसेच.

दिवाळीच्या सुमारास खोपी पडू लागतात. या खेपेला ती पोरे कुंपणाशी आली तर आत बोलवावी असे मनात आहे. वर्गात बाके पुरत नाहीत, हे खरे. सतरंज्या मात्र २०१९ पासून शाळेतच आहेत.